रोज संध्याकाळी एक तुकडा

सुरेंद्रने हात वर केला तो पंखा कमी करायला सांगण्यासाठी. वर गेलेला हात त्याने वेळेवर खाली घेतला नाही, इतकाच त्याचा सुरुवातीचा गुन्हा.

शहापूरच्या ज्या कॉलेजात तो ज्युनियर क्लार्क होता, तिथल्या स्टाफरूममध्ये प्राणिशास्त्राच्या अनिता मॅडम त्याच क्षणी विचारत होत्या, "दहा दिवस माझे मासे कोण सांभाळेल?" मॅडमच्या फ्लॅटला रंग काढायचा होता, रंगाचा वास माशांना सोसत नाही, आणि त्यांची स्वतःची तर बंगळुरूला लेकीच्या बाळंतपणाला जायची तिकिटं निघालेली. प्रश्न ऐकून सगळे प्राध्यापक एकदम आपापल्या चहात बघू लागले. फक्त सुरेंद्रचा हात वर.

"शाबास, सुरेंद्र!" मॅडम म्हणाल्या.

नोकरीत कायम झाल्यापासून त्याला चारचौघांत कुणी शाबास म्हटलं नव्हतं. (त्याआधीही नव्हतं, पण तेव्हा तो मनाला लावून घेत नसे.) आता हात खाली कसा घेणार?

शनिवारी आसनगावला त्याच्या दारात टेम्पो उभा राहिला. बायको कविता बाहेर आली, टाकी बघितली, पाण्याचे कॅन बघितले.

"अहो, आपल्याकडे मासे पिशवीतून येतात. हे टेम्पोतून कशाला आले?"

"खायचे नाहीत. बघायचे आहेत. समुद्राचे आहेत, खाऱ्या पाण्यातले."

टाकी टीव्हीशेजारच्या कपाटावर बसली. तिच्या बरोबर समोर खाटेवर सुरेंद्रची सकुमावशी बसलेली. मावशी म्हसा गावची. गुडघ्याच्या औषधपाण्यासाठी महिनाभर भाच्याकडे आली होती, आणि टीव्हीपेक्षा हे बरं म्हणून टाकीकडे वळूनच बसली. आत तीन मासे. दोन नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे, सदा जोडीनं फिरणारे. तिसरा मातकट, डोळे थेट डोक्यावर, दिवसभर दगडावर बसून वटारून बघणारा. सुरेंद्रला त्याच्याकडे बघून आपले हेडक्लार्क आठवले आणि तो थोडा सावरून उभा राहिला.

मॅडमनी भराभरा सांगितलं. मातकट मासा शाकाहारी, त्याला समुद्री शेवाळाचा हा हिरवा कागद चिमट्याला लावून द्यायचा. पाणी बदलावं लागलं तर कॅनमधलं, घरचं मीठ घालायचं नाही. मग त्यांनी एक गारेगार पाकीट कविताच्या हातात दिलं. "हे फ्रीजरमध्ये. याचं फोनवर सांगते, टॅक्सी खोळंबली आहे." जाता जाता मावशीला नमस्कार केला, "काळजी घ्या हं."

आता मॅडम पडल्या पुण्याच्या. त्यांचं बोलणं छापल्यासारखं. 'शिपायास सांगा', 'प्राचार्यांस कळवा' असंच त्या बोलत. म्हणून संध्याकाळी धावत्या गाडीतून त्यांचा तुटक आवाज आला, तेव्हा सुरेंद्रला काहीच वावगं वाटलं नाही.

"सुरेंद्र, ते पाकीट... मायसिस द्या. रोज संध्याकाळी एक तुकडा. जास्त नको हं, फार घाण होते." आणि बोगदा आला.

सुरेंद्र फोन हातात धरून गहिवरला. "कविता, माणूस बघ. एवढी शिकलेली बाई, पण म्हाताऱ्या माणसाची आठवण ठेवली. ते पाकीट मावशीस द्या म्हणाल्या. रोज एक तुकडा."

"एकच?"

"गुडघ्यासाठी काहीतरी असेल. विज्ञानाच्या आहेत त्या."

पाकिटात बोराएवढे गोठलेले चौकोन होते, त्यात केसाएवढी कोळंबी. कविताने एक चौकोन कांद्यावर परतला. चमचाभर झालं. मावशीनं भाकरीशेजारचं ते वाढप चष्मा लावून बघितली.

"सुऱ्या, ही कोलबी हाय का कोलबीचा फोटू?"

"मावशी, जास्त नाय द्यायचं. मॅडमनी सांगितलंय, जास्त झालं तर घाण होते."

"माजी?" मावशीचा घास हातात राहिला. "या वयात येवढं ऐकायचं रायलं होतं!"

तरी ती रोज खात होती. चौथ्या दिवशी तर म्हणाली, गुडघा हलका वाटतोय. सुरेंद्रला मॅडमच्या विज्ञानाचा अभिमान वाटला.

इकडे टाकीत एक गंमत होत होती. रोज संध्याकाळी कविताने फ्रीजर उघडून ते पाकीट बाहेर काढलं, की दोन्ही नारिंगी मासे धावत काचेशी येत. तोंडं उघडत, वर-खाली होत, नाचत. सुरेंद्रने त्याचा व्हिडिओ काढला आणि स्टेटसला टाकला, 'दोनच दिवसांत लळा लागला.' सत्तावीस जणांनी बघितला, चौघांनी बदाम पाठवले. तो व्हिडिओ त्याने पुढे पुसून टाकला. पण पुसल्याने जात नाही. ती दोघं आपलं जेवण ओळखून समोर आली होती, आणि हा त्यांच्या डोळ्यांदेखत ते कांद्यावर परतून मावशीला वाढत होता.

सहाव्या दिवशी मावशीच म्हणाली, "सुऱ्या, ही दोगं भुकेली हायत रे. पोट बग कसं खपाटीला गेलंय. तो काळा मेला नुसता चरतोय, यांना काय?"

"मॅडमनी कागदच सांगितलाय."

"मग फोन करून इचार ना."

इथे फोन केला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण फोन करायचा म्हणजे कळलं नाही असं कबूल करायचं, आणि एकदा मिळालेली शाबासकी परत करायची. ते त्याच्याने होईना. त्याने स्वतःच डोकं चालवलं. मासे समुद्रातले, तर खाणंही समुद्रातलंच हवं. तो शहापूरच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या मालूकडे गेला.

"सुका जवळा दे. माशांसाठी हवाय."

"माश्या? जवल्यावर माश्या बसतात, पन माश्यांसाठी कोन घेतंय?"

"माश्या नाय गो, मासे! मासे पाळलेत."

मालूनं त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि मूठभर वर घातला. गरीब बिचारा वाटला असावा.

घरी येऊन त्याने एक मूठ टाकीत सोडली. नारिंगी जोडी तुटून पडली. सहा दिवसांचा उपास होता तो. त्यांना खाताना बघून सुरेंद्रला इतकं बरं वाटलं की त्याने दुसरी मूठ टाकली.

"मूठ नको रे, चिमूट घाल!" मावशी खाटेवरून ओरडली.

"खाऊ दे गं. पोटभर खाऊ दे." आणि तिसरी मूठ गेली.

सकाळी टाकीतलं पाणी ताकासारखं झालं होतं. घरभर वास. मातकट मासा दगडाच्या टोकावर चढून बसलेला. नारिंगी जोडीतला धाकटा नर तळाशी आडवा पडला होता, आणि थोरली मादी त्याला नाकानं हळूहळू ढोसत होती. थोडी लांब जायची, परत येऊन ढोसायची.

सुरेंद्रने फोन लावला.

"मॅडम, एक मासा... म्हणजे पाणी खराब झालंय."

"घाबरू नका. मायसिस किती उरलं आहे?"

"मावशी? मावशी बऱ्या आहेत."

"मी मायसिस विचारते आहे."

"थांबा, विचारतो." त्याने वळून विचारलं आणि परत फोनवर आला. "मावशी म्हणतात, चार चौकोन उरलेत. पण आता कंटाळा आला म्हणतात."

"सुरेंद्र," मॅडम अगदी सावकाश म्हणाल्या, "त्या कोळंबीचं नाव मायसिस. ती माशांची होती. तुम्ही ती कुणास दिलीत?"

सुरेंद्रने मावशीकडे पाहिलं. मावशीनं त्याच्याकडे पाहिलं. मग तिला कळलं, आणि तिने तोंडाला पदर लावला. हसायला नव्हे. "अरे द्येवा," ती म्हणाली, "त्या लेकरांच्या तोंडचा घास मी खाल्ला?"

मॅडम फोनवर सांगत राहिल्या. सुरेंद्रने जवळा उपसला, कविताने पाणी काढलं, कॅनमधलं घातलं. मावशी दुखऱ्या गुडघ्यानं उठून टाकीपाशी उभी राहिली आणि उरलेल्या चौकोनातला चिमूटभर वितळवून थोरलीपुढे सोडत राहिली. दुपारी केव्हातरी थोरलीनं एक कण खाल्ला. धाकटा मात्र गेला. मावशीनं त्याला मागच्या अंगणात कण्हेरीखाली पुरलं.

मॅडम परतल्या तेव्हा सुरेंद्रने रजेच्या अर्जासारखा माफीचा अर्ज लिहून ठेवला होता. त्यांनी तो वाचला नाही. खुर्ची ओढून टाकीसमोर बसल्या. नऊ वर्षं ती जोडी त्यांच्याकडे होती. घरात एकट्या असल्यामुळे संध्याकाळी त्या दोघांना वाढूनच स्वतः जेवायला बसायच्या. त्या रागावल्या असत्या तर सुरेंद्रला सोपं गेलं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मला फोन का नाही केलात?"

याचं उत्तर त्याच्या अर्जात नव्हतं. त्याने खाली बघितलं. "तुम्ही शाबास म्हणाला होतात," तो म्हणाला.

मॅडमनी मान हलवली. मग मावशीकडे वळून विचारलं, "तुम्हांस काही त्रास नाही ना झाला?"

"नाय ओ. पन घास गोड नाय लागला, आता आठवलं की." मावशीनं त्यांचा हात धरला, आणि दोघी बराच वेळ टाकीकडे बघत बसल्या.

चार महिन्यांनी मॅडमना नातवाच्या लांबलेल्या बारशाला जायचं होतं. या वेळी त्यांनी स्टाफरूममध्ये विचारलं नाही. त्यांनी थेट म्हशाला मावशीला फोन केला. मावशी खास त्यासाठी आसनगावला आली, कारण म्हशाला विजेचा भरवसा नाही आणि टाकीचं यंत्र सतत चालू लागतं. टाकी पुन्हा त्याच कपाटावर बसली. मावशी चिमूट चिमूट वाढत होती, थोरली तिच्या बोटांशी येऊन खात होती. सुरेंद्रकडे कॅन उचलायचं काम होतं आणि ते तो जीव लावून करत होता.

तिसऱ्या दिवशी मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. मावशीनं फोन टाकीसमोर धरला. पण थोरली दगडाआड जाऊन बसली, काही केल्या बाहेर येईना.

"मावशी, तिला बरं नाही का?" मॅडम काळजीनं म्हणाल्या.

मावशीनं मागे वळून बघितलं.

"बरी हाय वो. सुऱ्या दारात हुबा हाय." मग ती वळून म्हणाली, "जा रे बाबा जरा भायेर. तिला जेवायचंय."