भटूआप्पांची चूल

भटूआप्पा कुणाला नमस्कार करीत नाहीत. समोरच्याच्या पोटाकडे बघतात आणि विचारतात, "काय खादं?" उत्तर मिळालं की ते अन्न आता अंगात कुठवर पोचलं असेल, ते सांगतात. नव्या साहेबांना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की तुमची केळी जिना चढण्यात संपली, शेव मात्र मुक्कामाला राहील.

धडगावच्या कृषी कार्यालयात आम्ही शेजारी बसतो. आप्पा मूळचे शहाद्याकडचे. इथे खोली करून एकटेच राहतात. डॉक्टरकीची पुस्तकं आणून वाचतात. का, ते आम्ही कधी विचारलं नव्हतं.

त्यांच्या मते अंग म्हणजे चूल. भात, भाकरी, साखर ही पऱ्हाटी, कापसाची वाळकी काटकी. भर्रकन पेटते, लगेच संपते. चरबी म्हणजे ओंडका. सावकाश जळतो, पण पुरतो. दोन्ही एकदमच जळत असतात. हळू चाललं तर ओंडक्याचा वाटा जास्त, पळालं तर पऱ्हाटीचा. म्हणून आप्पा जीप सुटत असली तरी पळत नाहीत. त्यांची जीप बऱ्याचदा सुटते.

मागच्या नवरात्रात मोलगीच्या पुढे एका पाड्यावर पीक पाहायला आम्ही दोघं गेलो. जीप रस्ता संपेपर्यंतच, पुढे पायी चढ. माझा उपास होता. काम उरकून लवकर परतायचं म्हणून मी तरातरा निघालो. आप्पा मागून रमतगमत. अर्ध्या चढावर माझे पाय लटपटले. मी दगडावर बसलो. आप्पांनी पिशवीतून गूळ काढला.

"पोटवर महिनानं सरपन शे," माझ्याकडे बघत ते म्हणाले, "आनि चूलमा काडी नही."

मी गूळ खाल्ला. जरा वेळानं बरं वाटलं. मी हसून म्हणालो की आमच्याकडे बायकोचा उपास माझ्याहून कडक. नंदुरबारला घरी ती नऊ दिवस फक्त पाण्यावर असते.

"बाई काही औसद लेस का?"

मी सांगितलं, हो, मधुमेहाची, रक्तातली साखर उतरवायची गोळी आहे. रोज सकाळी न चुकता घेते.

आप्पांचा चेहरा उतरला. ते उठले आणि चढ चढू लागले. मोबाइलला रेंज फक्त वरच्या वळणावर मिळते. आप्पा पळत होते. मी मागं.

वळणावर धापा टाकत त्यांनी माझा फोन मागितला. मी घरी लावून दिला, बायकोनं उचलला. आप्पांनी तिला तब्येत विचारली. सकाळपासून हात कापताहेत, घाम येतोय, अशक्तपणा असेल, असं ती म्हणाली. आप्पांनी तिला खाली बसायला लावलं आणि मुलीकडून भरपूर साखर घातलेलं पाणी मागवलं. ती प्यायली. उपास मोडला म्हणून कुरकुरली. आप्पांनी फोन ठेवू दिला नाही. हात थांबेपर्यंत, मग भाकरी खाऊन होईपर्यंत ते पिकापाण्याचं काहीबाही बोलत राहिले. आजच डॉक्टरकडे जा, असं तीनतीनदा बजावलं.

मधेच तोंडापासून फोन दूर धरून ते मला म्हणाले, "मन्ही घरवाली कमल अशीच गोळी ले, उपास करे, आनि कापूस येचाले जाये. वावरमा तिले घाम फुटना, काहीबाही बोले लागनी. माले वाटनं, ऊन लागनं. मी पानी पाजं, सावलीमा निजाडं. ती उठनीच नही. गूळ घरमाच व्हता."

मग पुन्हा फोन कानाला लावून त्यांनी विचारलं, "हां ताई, आते कसं वाटस?"

बरं वाटतंय म्हणून तिनं फोन ठेवला. आप्पांनी मात्र फोन कानावरून काढला नाही. खाली दरीकडे बघत ते तसेच उभे राहिले. पाड्यावरची माणसं आमची वाट बघत होती. मी आप्पांना घाई केली नाही.