कमी बसण्याचं पहिलं बक्षीस

यंदाचं पहिलं बक्षीस माझंच! स्पर्धा जाहीर झाली त्याच दिवशी मी घरात ठणकावून सांगितलं. घरून काम करणाऱ्यांची बसून बसून वाट लागते, म्हणून ऑफिसने 'कमी बसा' स्पर्धा काढली होती. मनगटाला बसण्याचे तास मोजणारा पट्टा बांधायचा. महिनाभर सगळ्यात कमी बसेल तो जिंकला!

आमच्या खारघरच्या फ्लॅटमध्ये उंच जागा एकच, स्वयंपाकाचा ओटा. मांडला त्यावर लॅपटॉप! इथंच चुकलं हो.

बसलेली बाई कामात असते. उभी बाई मोकळी! साताऱ्याच्या आमच्या सासूबाई लगेच डोकावल्या. "उभीच हायस, तर दुधाकडं बघ की."

माझा नवरा रणजीतही घरूनच काम करतो, सोफ्यावर म्हशीसारखा पसरून. तो ओरडला, "उभीच आहेस, तर चहा टाक ना!"

शेजारच्या राजलक्ष्मीताईंनी तर कुकरच आणून दिला. "आमचा गॅस संपलाय. तुम्ही उभ्याच असता, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा हं!"

मग लॅपटॉपवर आली एका हॉटेलवाल्याशी मोठी मीटिंग. आम्ही हॉटेलांना बिलाचं सॉफ्टवेअर विकतो. हा सौदा जमला की मी टीम लीडर! आमचे बॉस अभय सर, त्यांनी विचारलं, "उत्कर्षा, सूट किती टक्के द्यायची?"

त्याच क्षणी सासूबाई कानाशी, "मिरच्या किती घालू गं?"

"वीस घाला!" मी वैतागून म्हणाले. "एकदा तोंड पोळलं की पुन्हा मागणार नाहीत!"

माइक चालू होता. वीस ऐकून हॉटेलवाल्याने मान डोलावली. पुढचं ऐकून कॉलच कापला.

"हल्ली तुझं कामात बूडच टेकत नाही!" सर कडाडले. "तो टीममधला कृष्णात बघ, कसा ठाण मांडून बसतो!"

कृष्णात टीम लीडर झाला. मी रडले. उभ्यानेच.

स्पर्धा मात्र मीच जिंकले! भलंमोठं खोकं घरी आलं. आत काय? ऑफिसची गुबगुबीत खुर्ची!

रणजीतने ती जोडली आणि बसला. "अगं, पाठीला काय आराम आहे!"

"बस रं लेकरा," सासूबाई म्हणाल्या, "दिसभर दमतूस."

खोकं भिंतीशी रिकामं पडलं होतं. म्हटलं, त्यावर तरी टेकावं. टेकले, तर ते मधोमध चेपलं आणि मी फरशीवर!

सासूबाई कळवळून धावल्या. "अगं बया! खोकं फाडलंस व्हय? डाळी ठेवाया झालं असतं की!"