ब्रेकमधली हवा

रविवारी बायकोला मुलीकडून गाडीने घेऊन यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. नातवाच्या निमित्ताने ती गेली आणि तिकडचीच झाली. इकडे रिकामं घर मला खायला उठत होतं. (घराने तरी काय करावं? मी केलेली भाजी खाण्यापेक्षा ते बरं.)

गाडीखाली वाकून पाहिलं, तर ब्रेकच्या नळ्या पार गंजलेल्या. गॅरेजवाला म्हणाला, "पुढच्या आठवड्यात बघू." म्हटलं, त्यात काय एवढं? नळी आणायची, कापायची, वाकवायची, टोकं कर्ण्यासारखी फुलवायची. बायकोला फोनवर तसं ठणकावून सांगितलंही. "बरं," एवढंच म्हणाली.

जेवणाच्या टेबलावर बसून टोक असं काही फुलवलं की माझीच मला दृष्ट लागावी. मग कळलं, नट आधी ओवायचा असतो. फुललेल्या टोकावरून तो जन्मात जाणार नाही. टोक कापलं, पुन्हा फुलवलं. नट पुन्हा बशीतच. (चूक दाखवायला घरात कुणी नसलं की माणूस तीच चूक मन लावून करतो.)

शेवटी नळ्या बसल्या. आता त्यांतली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात: एक आत पेडल दाबायला, दुसरा चाकाशी स्क्रू उघडायला. घरात दुसरं माणूस असतं, तर मी ही यातायात केली असती कशाला! शेजारच्या विधुर पोस्टमास्तरांना हाक मारली.

"दाबा!"

"दाबलं!"

"सोडा!"

"सोडलं!"

महिनाभरात माझं कुणाशी इतकं बोलणं झालं नव्हतं. फार बरं वाटत होतं. हवा संपून नुसतं तेल येत होतं, तरी मी आपला "दाबा" म्हणत राहिलो.

"अहो, पेडल कधीचं घट्ट झालंय," मास्तर आतून म्हणाले.

मी ओशाळलो. "मग बोलला का नाहीत?"

"घरी जाऊन तरी काय करू? दाबू अजून?"

"दाबा."

पेडल भसकन खाली गेलं. आमच्या नादात ब्रेकच्या टाकीतलं तेल संपलं होतं आणि सगळ्या नळ्यांत नव्याने हवा शिरली होती.

"म्हणजे उद्या पुन्हा यावं लागेल?" मास्तरांनी इतक्या आशेने विचारलं की मला रागावताही येईना.

बायकोला फोन लावला. "रविवारचं काही जमत नाही गं. ब्रेकचं जरा..."

"ठाऊक आहे. मी बसने येतेय. नळ्या स्वतः करतो म्हणालात ना, त्याच दिवशी तिकीट काढलं."

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्यावर एवढा ठाम विश्वास तिने प्रथमच दाखवला.