अर्ज शिकंज्यात आहे!

कागद सांभाळावा तर मीच! बावीस वर्षं पुस्तकबांधणी करतोय, पण माझ्या दुकानातून एक चिठोरी हरवलेली दाखवा! सरकारी पाकीट आलं की मी ते फोडतो, कागद ठोकून सरळ करतो, गठ्ठ्यात लावतो आणि वर्षाअखेरीला लाल कापडात बांधून पाठीवर सोनेरी अक्षरांत 'सरकारी' असं उमटवतो. वाचत मात्र नाही. वाचणं गिऱ्हाइकाचं काम, बांधणं माझं!

तर त्या सोमवारी बायको सामान आणायला गेली आणि रिकामी पिशवी घेऊन दुकानात आली.

"अहो, कार्ड चालत नाही! बँकेत विचारलं तर खातं गोठवलंय म्हणे, कराच्या थकबाकीपायी!"

"आपलं? शक्यच नाही! सगळे कागद आहेत माझ्याकडे."

"दाखवा."

मी ऐटीत यंदाचा, नुकताच बांधलेला 'सरकारी' खंड काढून दिला. ती तिथेच उभ्या उभ्या वाचू लागली. पहिली नोटीस: दोन वर्षांचा कर भरलेला नाही. दुसरी: अजूनही भरलेला नाही. तिसरी: बँक खातं गोठवत आहोत आणि गुरुवारी अकरा वाजता दुकानातली यंत्रसामग्री जप्त करू.

यंत्रसामग्री म्हणजे काय, तर माझा शिकंजा! चाक फिरवून पुस्तकं आवळायचा, अस्सल लोखंडी, वजनाला माझ्या तिप्पट. तो गेला की दुकानात उरणार मी आणि डिंकाचं पातेलं.

"प्रत्येक नोटिशीच्या मागे छापलंय," बायको कडाडली, "एकदम भरणं जमत नसेल तर हप्त्यांसाठी अर्ज करा, वसुली थांबेल! आणि तुम्ही त्याला डिंक लावून बसलात!"

"पाठ किती सरळ आलीय ते तरी बघ..."

तिने जे बघितलं, ते पाठीकडे नव्हतं.

मग तिने वसुली कार्यालयात फोन लावला. साहेब आवाजावरून तरी बरे वाटले. म्हणाले, "गुरुवारी येतो तेव्हा अर्ज हातात द्या. नोटिसा आणि यंत्राची पावती जोडा. जप्ती जागच्या जागी थांबवतो."

इतकं सोपं! बुधवारी बायकोने सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, कागद जोडले आणि माझ्या हातात दिले. "हे नीट ठेवा," म्हणाली आणि घरी गेली.

आता बाइंडरला 'नीट ठेवा' सांगितल्यावर तो काय करणार? मी सगळं शिवलं, पुठ्ठा चढवला, पाठीला डिंक लावला आणि शिकंज्यात आवळून ठेवलं. साहेबांवर छाप नको पडायला?

तेवढ्यात मेव्हणा उगवला. या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट कळते, स्वतःची सोडून.

"दाजी, साहेबलोक गोड बोलतात आणि सामान उचलतात! शिकंजा दिसलाच नाही तर नेतील काय, कपाळ?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण मी हमाल बोलावले. आम्ही दोघं आणि चार हमाल मिळून शिकंजा समोरच्या फ्रेमवाल्याच्या दुकानात नेला.

"अहो, आतलं पुस्तक तरी काढा!" मेव्हणा धापा टाकत म्हणाला.

"वेडा आहेस का? डिंक ओला आहे! सैल केला तर पाठ वाकडी होईल!"

गुरुवारी सकाळी साहेब दोन माणसं घेऊन गल्लीत आले आणि थेट फ्रेमवाल्याकडे शिरले! मी आणि मेव्हणा दारातून बघतोय, तर फ्रेमवाला हातवारे करतोय आणि माणसं लाल लाखेची सीलं ठोकतायत. त्याचा तीन वर्षांचा कर थकला होता! मला कधी एका शब्दाने बोलला नाही हा गृहस्थ. मी तरी कुठे बोललो होतो म्हणा!

ठीक अकराला साहेब आमच्याकडे आले, पाठोपाठ घरून बायकोही.

"बाई, तुमचाच फोन होता ना? द्या अर्ज, विषय संपवू."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी मेव्हण्याकडे बघितलं. मेव्हणा पंखा बघत होता.

"अहो, अर्ज कुठाय?"

"शिकंज्यात."

"आणि शिकंजा?"

मी समोर बोट दाखवलं.

"तो?" साहेब म्हणाले. "त्याला आत्ताच सील लावलं. फ्रेमवाले ओरडत होते, माझा नाही म्हणून. सगळेच तसं म्हणतात! तुमचा असेल तर पावती दाखवा."

"पावती अर्जाला जोडलीय."

"मग अर्ज दाखवा!"

"साहेब, तो तुमच्याच सीलखाली आहे..."

साहेबांनी स्टूल ओढलं आणि पाणी मागितलं. बायकोने वहीचं पान टरकावलं, अर्ज पुन्हा लिहिला आणि त्यांच्या हातात कोंबला. नोटिसांचे नंबर त्यांच्या फाइलीत होते. कोपरे तेवढे सारखे करून द्यावेत म्हणून मी हात पुढे केला.

"हात लावू नका!" दोघं एका सुरात ओरडले.

वसुली थांबली, खातं सुटलं. शिकंजा मात्र फ्रेमवाल्याचं प्रकरण मिटेपर्यंत एकोणीस दिवस अडकून पडला. तोवर मी विटांखाली पुस्तकं दाबली. विटा मेव्हण्याने वाहिल्या, तेवढी काळजी मी घेतली!

विसाव्या दिवशी शिकंजा उघडला. काय सांगू तुम्हाला! एकोणीस दिवस सरकारी सीलखाली दाबलेली ती पाठ! बावीस वर्षांत अशी सरळ पाठ साधली नव्हती. मी पुस्तक बायकोपुढे धरलं.

तिने ते बाजूला ठेवलं. "हप्त्यांचं पत्र येणार होतं. आलं का?"

"आलं की! मागच्याच आठवड्यात. गठ्ठ्यात लावलंय."

"मग पहिला हप्ता कधी भरायचाय?"

वाचणं गिऱ्हाइकाचं काम, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण तिच्या हातात वीट दिसली.