फोर्कलिफ्टला ‘अहो’ म्हणणाऱ्या रजनीताई

आळंदी रस्त्यावरच्या आमच्या गोडाऊनमध्ये रजनीताई कांबळे मॅनेजरला ‘अरे’ म्हणायच्या आणि फोर्कलिफ्टला ‘अहो’. “अहो, जरा थांबा, मी जातेय,” असं त्या यंत्राला सांगूनच वाट ओलांडायच्या. मी डिस्पॅचचा क्लार्क. एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, “मॅनेजर फार तर ओरडेल. हे पाय मोडून ठेवतील. मान कुणाला द्यायचा?”

पॅकिंगला त्या अठरा वर्षं होत्या. विश्रांतवाडीहून बसने यायच्या आणि आल्या आल्या सगळ्यांच्या पायांकडे बघायच्या. कुणी चपला घालून आलाच, तर, “बागेत फिरायला निघालात वाटतं?”

आणि नेमका त्यांचाच पाय सापडला. फोर्कलिफ्टचा मागे येतानाचा भोंगा आठवडाभर बंद होता. ताईंनी दोनदा सांगितलंही होतं. फोर्कलिफ्ट चालवणारा इम्तियाज माल घेऊन मागे येत होता, ताई वाकून खोक्यावर लेबल चिकटवत होत्या. चाक डाव्या पावलावर चढलं. जाड बूट होता म्हणून पाऊल वाचलं. दोन बोटं मात्र गेली.

हॉस्पिटलात मॅनेजर कागद घेऊन आला. ‘चालकाचा निष्काळजीपणा’ असं टाइप करूनच आणलेलं, फक्त ताईंची सही हवी होती. ताईंनी चष्मा मागितला, सगळं वाचलं.

“अरे, यात भोंगा कुठाय? तो लिही, मग सही.”

लिहावं लागलं.

चार महिन्यांनी ताई लंगडत कामावर आल्या. इम्तियाजने तोवर फोर्कलिफ्ट सोडली होती. हातगाडी ओढायचा, ताई दिसल्या की वाट बदलायचा. शेवटी त्यांनीच त्याला गाठलं.

“किती दिवस तोंड लपवणार?”

“ताई, नाही जमणार. मागे बघितलं की तुम्हीच पडलेल्या दिसता.”

“मग आज उभी असलेली बघ. मी इथे पिवळ्या पट्टीच्या आत थांबते. चल, बस वर.”

तो बसला. भोंगा वाजला.

“हं, ये मागे. सावकाश.” ताईंचा आवाज नेहमीसारखाच करडा.

इम्तियाजने फोर्कलिफ्ट मागे घेतली, वळवली, रॅककडे नेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाजवता येईनात. ताईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं आणि त्यांचा हात लटलट कापत होता.

“बसता का जरा?” मी हळूच विचारलं.

“हलू नकोस,” त्या समोर बघतच म्हणाल्या, “तो अजून आरशात बघतोय.”