न विकलेले चाळीस सोफे

अपील शिक्षेविरुद्ध होतं, गुन्ह्याविरुद्ध नव्हतं. मेव्हण्याचा काळा पैसा आपल्या फर्निचरच्या दुकानातून पांढरा करून दिल्याचं सोफाशेठनी केव्हाच कबूल केलं होतं. तीन वर्षांची शिक्षा झाली होती, निम्मी भोगून झाली होती आणि उरलेली माफ व्हावी म्हणून वकीलबाई वरच्या कोर्टात उभ्या होत्या. मागच्या बाकावर शेठची बायको जीव मुठीत धरून बसली होती. भाऊ तिचाच ना.

"माझे अशील भोळे आहेत, साहेब," वकीलबाई म्हणाल्या. "मेव्हणा म्हणाला तिथे सही केली. त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं."

इथवर ठीक होतं. पण 'भोळे' चार-पाच वेळा म्हणून झाल्यावर वकीलबाईंनी "कुणीही टोपी घालावी असे" अशी भर घातली आणि शेठचा स्वाभिमान जागा झाला. माणूस एकवेळ तुरुंगात राहील, पण चारचौघांत बावळट ठरणार नाही.

"साहेब, एक मिनिट," शेठ उभे राहिले. "सगळं डोकं माझं होतं."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. बायकोने डोळेच मिटून घेतले.

"असं?" न्यायमूर्ती चष्मा पुसत म्हणाले. "सांगा बघू."

"एकही सोफा न विकता मी चाळीस सोफ्यांची बिलं केली. गिऱ्हाईक खोटं, पत्ता खोटा. कुणाला संशय नको म्हणून टेम्पोसुद्धा पाठवला."

"खोट्या पत्त्यावर?"

"हो. दिवसभर फिरला. शेवटी ड्रायव्हर पोलीस चौकीत पत्ता विचारायला गेला."

"आणि या न झालेल्या विक्रीवरचा कर?"

"मी भरला, पदरचा. व्यवहार चोख हवा."

"मग तुम्हाला मिळालं काय?"

शेठ विचारात पडले. सगळं कोर्ट थांबलं.

"मेव्हण्याने एक खुर्ची नेली," ते अखेर म्हणाले. "उधारीवर."

न्यायमूर्तींनी बराच वेळ रुमाल तोंडाला लावून ठेवला. मग भोगली तेवढी शिक्षा पुरे, असा निकाल देऊन ते घाईघाईने आत गेले. हरकत घ्यायचं सरकारी वकिलालाही सुचलं नाही.

कागदपत्रं होऊन शेठ तुरुंगाबाहेर आले, तेव्हा दिसेल त्याला हात जोडत होते. वकीलबाईंना जोडले, पहारेकऱ्याला जोडले, उघडलेल्या फाटकालाही जोडले. बायकोने त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि थोडं चालल्यावर आवाज खाली आणून विचारलं,

"अहो, खरं सांगा. कोर्टात तुम्ही वेड पांघरून पेडगावला गेला होतात ना?"

शेठ थबकले. खरं उत्तर अगदी जिभेवर आलं होतं. पण इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस हुशार असावा, असा संशय तिला पहिल्यांदाच आला होता. कोर्टाचे उपकार होतेच, पण हे त्याहून मोठे होते. त्यांचे डोळे भरून आले.

"आता बायकोशी काय खोटं बोलायचं," ते म्हणाले, आणि घर येईपर्यंत पुढे एक अक्षर बोलले नाहीत.