गिरणी चालू असताना

आमच्या शेजारचे भूपाल अण्णा मँडोलिन वाजवतात ते फक्त गिरणी चालू असताना. लाईट गेली, गिरणी थांबली आणि गल्लीत जरा शांतता झाली की ते वाद्य खाली ठेवतात आणि लाईट कधी येणार याची चौकशी करत फिरतात. लाईट आली, पट्टा फिरू लागला, जात्याची घरघर सुरू झाली, की खाकरून पुन्हा बैठक मारतात. इतर वादक शांत जागा शोधत असतील, अण्णांना ती चालत नाही.

गिरणी त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत आहे आणि ती चालवतात त्यांच्या पत्नी, पद्माक्का. निपाणीत चिकोडी रोडला आमच्या बाजूच्या निम्म्या घरांत भाकरी होते ती आक्कांच्या गिरणीतल्या पिठाची. गिरणीला लागून सोपा, म्हणजे ओसरी आहे, तिथं अण्णा बसतात. सोप्याची पलीकडची भिंत माझी. मी भूगोलाचा मास्तर, आता निवृत्त झालोय आणि दुपारी झोपतो, किंवा झोपत होतो. त्यामुळे या विषयावर बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे.

अण्णा मूळचे गिटारवाले. तंबाखूच्या वखारीत कारकुनी करता करता तीस वर्षं त्यांनी इथल्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. लग्नं, गणपती, उरूस, कागलपासून संकेश्वरपर्यंत. कार्यक्रमाला काळा कोट घालायचे, मे महिन्यातसुद्धा. वखारीतून निवृत्त झाल्यावर एकदा जेवता जेवता त्यांनी आक्कांना सहज विचारलं, "एवढी वर्सं वाजवलं, तुला त्यातलं काय आवडलं गं?"

आक्का म्हणाल्या, "मला कवा ऐकूच आलं न्हाय. तवा आवडलं न्हाय असं काय मी म्हणत न्हाय."

हे अण्णांनीच मला सांगितलं. मी म्हटलं, "अहो, कार्यक्रमाला कधी नेलं नाहीत?"

"कार्यक्रम संध्याकाळचा. दळणाची गर्दीबी संध्याकाळची."

"मग गिरणी बंद झाल्यावर घरी वाजवायचं."

"गिरणी बंद झाली की ती पाठ टेकती, सर. पहाटं उठून बस्तीत दर्शनाला जायाचं असतंय तिला. झोपलेल्या माणसाला काय वाजवून दावायचं?"

आक्कांच्या त्या उत्तरानंतर तिसऱ्या दिवशी अण्णा बेळगावला गेले आणि मँडोलिन घेऊन आले. "गिटारचा आवाज आन गिरणीचा आवाज एका जातीचा," त्यांनी मला समजावलं. "एकात एक मिसळून जातोय. ह्येचा आवाज बारीक हाय. ह्यो घुसणार."

"पण या वयात नवीन वाद्य?"

"नवीन कुठलं? उलटी गिटार हाय. त्यात काय हाय!"

'त्यात काय हाय' हे अण्णांचं ठेवणीतलं वाक्य. हे वाक्य ऐकलं की घरातले जाणते लोक सावध होतात. तर झालं होतं असं, की गिटारच्या जाड चार तारा ज्या क्रमानं असतात, मँडोलिनच्या चार तारा बरोबर त्याच्या उलट्या क्रमानं असतात. अण्णांनी यावर साधा उपाय काढला. त्यांनी मँडोलिनच उलटी धरली. तारा गिटारसारख्या झाल्या, फक्त हात उलटे झाले. आठ दिवस ते उजव्या हातानं तारा दाबत होते आणि डाव्या हातानं छेडत होते. नवव्या दिवशी मला म्हणाले, "सर, वाद्य बरोबर बसलंय, माणूस चुकतोय."

मग माणूस बदलायचं काम सुरू झालं. गिटारवर मोकळी वावरलेली त्यांची जाड बोटं या एवढ्याशा पट्टीवर एकमेकांच्या पायावर पाय देऊ लागली. त्यात मँडोलिनला प्रत्येक तार जोडीनं असते. जोडीतली एक तार केसभर जरी उतरली तरी दोघी भांडतात. "जोडप्याचं वाद्य हाय ह्ये," अण्णा खुंटी पिळत म्हणायचे, "एकाला समजावलं की दुसरं रुसतंय." शिकवायला मोबाईलमधले एक गुरुजी होते. ते हिंदीत भराभर सांगत आणि अण्णा त्यांना दर मिनिटाला दरडावत, "स्वल्प हळू सांग रं."

सगळ्यात अवघड ते मनगट. गिटारची तार एकदा छेडली की बराच वेळ घुमत राहते. मँडोलिनची लगेच गप्प होते, सूर लांबवायचा तर तिला भराभर टोकत राहावं लागतं. मनगट हलकं व्हावं म्हणून अण्णा रोज तासभर पिठाची चाळणी मारू लागले. निवृत्तीनंतर माणूस घरकामाला लागला म्हणून गल्लीतल्या बायका त्यांचं कौतुक करायच्या आणि आपापल्या नवऱ्यांना ते ऐकवायच्या.

शेवटी त्यांना एक चाल आली. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, बायका म्हणतात त्या आरतीची. मग दळण घेऊन येणारा प्रत्येक माणूस परीक्षक झाला. "आत जाऊन जरा हुबं ऱ्हावा, ऐकू येतंय का सांगा." माणूस आत जायचा, पिठानं पांढरा होऊन बाहेर यायचा आणि मान हलवायचा. एका म्हातारीनं दया येऊन "येतंय की" म्हटलं. अण्णांनी लगेच विचारलं, "कंची चाल?" म्हातारी म्हणाली, "लग्नातली." तिचं मत बाद झालं.

मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, आक्कांनाच का नाही विचारत?"

अण्णांनी वाद्य मांडीवर आडवं ठेवलं. "इचारलं की व्हय म्हणंल. माझं मन राखाय. तिनं आपणहून सांगितलं पायजे." मग ते खुंटी पिळू लागले. मला पुढं चेष्टा करवली नाही.

गेल्या महिन्यात मी ज्वारी घेऊन गेलो. गिरणीतली दोन्ही जाती चालू होती. अण्णांच्या सांगण्यावरून मी आत उभा राहून कान दिला. घरघर सोडून काही नाही. आक्का नळीखाली पीठ चिमटीत धरून बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. माझ्याशी बोलतायत वाटून मी जवळ गेलो. त्या आरती गुणगुणत होत्या. दुसऱ्या ओळीत सूर वर चढतो तिथं त्या थांबल्या, क्षणभर वाट पाहिली, आणि ओळ पुन्हा सुरुवातीपासून धरली. मी दारातून बाहेर पाहिलं. अण्णांचं बोट घसरलेलं दिसलं आणि त्यांचा हात पट्टीवर मागं गेला, म्हणजे त्यांनीही ओळ सुरुवातीपासून घेतली होती.

मी आक्कांच्या कानाशी ओरडलो, "तुम्हाला ऐकू येतं?"

त्यांनी आधी दाराकडं बघून घेतलं. "मला गिरणी कुठं ऐकू येती आता, सर? तीस वर्सं झाली. दुसरं काय बी वाजलं की तेवढंच ऐकू येतंय."

"म्हणजे कधीपासून?"

"दोन म्हैनं झालं. दुसऱ्या ओळीला रोज अडखळत्यात."

"मग सांगत का नाही त्यांना? बिचारे वाट बघतायत."

आक्कांनी भरलेला डबा सरकवला, रिकामा लावला. "सांगितलं की काम झालं म्हणून थांबतील. तीस वर्सं लोकांच्याकडं तोंड करून वाजवलं. आता ह्या दाराकडं करून बसत्यात. बसू दे की अजून." एवढं बोलून त्यांनी पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं. पीठ नुसतं गालावरच नव्हतं, डोळ्याखाली ते ओलं झालं होतं.

बाहेर आलो तेव्हा अण्णा माझ्याकडंच बघत होते. "काय सर? हाय का काय?"

"न्हाय अजून," मी म्हणालो. "जरा जोर लागंल."

"व्हईल," अण्णा म्हणाले आणि त्यांनी दुसरी ओळ घेतली.